पाठराखिणीची पिशवी

आत्या, तुझी पिशवी अजून खुंटीवरच आहे. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तुझी वाकळ धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली, पण पिशवीला कुणी हात लावला नाही. तुझा लाडका भाचा दत्ता येता-जाता तिच्याकडं बघतो आणि मान फिरवतो. वैशालीवहिनी केर काढते तीसुद्धा पिशवीखालून हळूच, झोपलेल्या माणसाच्या उशाशी झाडावं तशी. तेराव्याला येऊन गेले, काल परत माहेरी, पिंपळवंडीला आलेय, तरी ती तिथंच. दुपारी जरा डोळा लागला की वाटतं, आत्ता तू परसातून आत येशील, पदरानं तोंड पुसशील आणि म्हणशील, "सुमे, तांब्या भर गं, येष्टीची येळ झाली." दचकून उठते. अंगणात ऊन तसंच पडलेलं असतं.

परत कशाला आले ते शेवटी सांगते. आधी जरा तुझ्याजवळ बसू दे.

दत्ता म्हणत होता, पेपरात फोटो देऊ. मी म्हटलं, कुठला देणार? तुझा एकटीचा फोटो आहेच कुठं? आहेत ते सगळे दुसऱ्यांच्या लग्नातले. नवरी मधे, तू तिच्या मागं, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड, आणि खांद्याला ही हिरव्या जाड कापडाची पिशवी. ती मात्र सगळ्या फोटोंत पूर्ण आलेली. तुझ्यापेक्षा पिशवीच लोकांच्या जास्त ओळखीची होती म्हण ना.

आपल्या आळीत लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी तुला सांगावा यायचा. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण लागते. परक्या घरात पहिले चार दिवस नवरीजवळ बसायचं, तिच्या शेजारी झोपायचं, आणि माहेरचं माणूस न्यायला आलं की तिला घेऊन परत यायचं. बाकीच्या घरांतून हे काम एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात मारतात, नाहीतर धाकट्या बहिणीला नवा फ्रॉक घालून पाठवून देतात. तू ते मागून घ्यायचीस. तुला तुझं सासर लाभलं नाही, काका लवकर गेले, तू भावाच्या घरी आलीस ती कायमची. आणि मग जुन्नर तालुक्यातल्या निम्म्या पोरींना तूच सासरी पोचवून आलीस. लोक हसायचे. "निघाली बगा आत्या दौऱ्यावर. येवढे दौरे तर मंत्रीबी करत न्हाई!" तू चप्पल घालता घालता म्हणायचीस, "मंत्री परत येतो का बगायला? म्या येते."

पिशवी भरायला तू दुपारची बसायचीस. माणसं शेतात गेलेली, घरात आपण दोघीच, आणि कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन खाली पडलेला. त्या चौकोनात तू एकेक वस्तू मांडायचीस. आजही डोळे मिटले की आधी तो चौकोन येतो, मग त्यात तरंगणारी धूळ, मग एकेक वस्तू आपोआप येऊन आपल्या जागेवर बसते. तुझा हात मला दिसत नाही. वस्तू तेवढ्या दिसतात.

माक्याच्या तेलाची बाटली. औषधाची जुनी बाटली, तिला चिंधीचं बूच. ओढ्याकाठचा माका आणून, वाटून, खोबरेलात घालून तू ते तेल कढवायचीस आणि सगळ्या घराला हिरवट, जरा करपल्यासारखा वास यायचा. "नवरीचं डोकं लई दुखतं गं. समद्यांच्या म्होरं मान खाली घालून बसायचं म्हंजी काय सोपंय?" मग शेंगदाण्याचे लाडू. ते मात्र पिशवीत अगदी खाली, जुन्या पातळात गुंडाळून. मी विचारलं, लग्नघरात काय खायला नसतं का? तू म्हणालीस, "आसतं. पन नवी नवरी जेवती का? चारजनी ताटाकडं बगत बसलेल्या. लाजंनं दोन घास खाती आन् हात धुती. मंग पोटात कावळे." आणि माझ्याकडं न बघता, "म्या लई उपाशी ऱ्हायले व्हते. सांगनार कुनाला? माझ्याबरूबर कुनी आलंच न्हवतं."

तेवढंच. पुढं तू त्या विषयावर कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. लाडू वळायला मात्र तेव्हापासून मी तुझ्या शेजारी बसायला लागले.

मऊ झालेलं ते जुनं पातळ नवरीच्या डोक्याखाली घालायला. परक्या उशीला झोप येत नाही म्हणून. आणि बॅटरी. ती का, हे मला मोठी झाल्यावर कळलं. नव्या गावात पहाटे बाहेर जायचं तर वाट माहीत नाही, सोबत कुणाला मागायची ते माहीत नाही. पोरी बिचाऱ्या कळ काढून बसायच्या. तू त्यांना उठवायचीस आणि बॅटरी घेऊन पुढं चालायचीस. पुढं पुढं उसात बिबट्या दिसायला लागला, तेव्हा दत्तानं तुला सांगून बघितलं, बास कर आता. तू म्हणालीस, बिबट्याला मी सांगते. आणि खरंच, मढकडच्या एका गावात उसाच्या बांधावर उभं राहून तू मोठ्यानं खाकरलीस आणि म्हणालीस, "ये बाबा, नवी नवरी हाय. जरा बाजूला हो." ती नवरी तेराव्याला आली होती. हे सांगताना आधी हसली आणि मग हुंदका देऊन रडली.

पितळेचा फिरकीचा तांब्या सगळ्यात शेवटी. चिंच लावून घासलेला, आणि निघता निघता भरलेला. पाणी आपल्याच विहिरीचं. सासरी पोचल्यावर नवरीनं पहिला घोट ह्या पाण्याचा घ्यायचा, आणि उरलेलं तू त्यांच्या माठात ओतायचीस, सासूच्या देखत. "आता तुमचं पानी आन् आमचं पानी येक झालं. उद्यापास्नं पोरीला येगळं लागायचं न्हाई." ओतूरकडच्या एका सासूनं नाक मुरडलं होतं, आमच्या माठाला काय झालंय म्हणून. तर तू म्हणालीस, "माठाला काय व्हतंय? पोरीच्या घशाला व्हतं."

एवढ्या सगळ्या पिशवीत तुझं स्वतःचं म्हणावं असं एक लुगडं आणि एक मशेरीची डबी. बाकी सगळं दुसरीसाठी.

आणि निघताना "कुठं" म्हणून विचारायची कुणाची टाप होती? चुकून कुणी विचारलंच, की तू पायरीवर फतकल मारून बसायचीस, घोटभर पाणी प्यायचीस, विचारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस आणि मग उठायचीस. दत्ता लहानपणी मुद्दाम विचारायचा. तुझी येष्टी चुकावी आणि तू घरी राहावीस म्हणून. मी त्याला चिमटे काढायचे, पण मनातून मलाही तेच हवं असायचं.

तू परत आलीस की मी तुझ्या कुशीत पडून गावं ऐकायची. मी बारक्या वयातच सगळा मुलूख फिरले, तो असा, डोळे मिटून. तू गावं पाण्यावरनं सांगायचीस. ओतूरचं पाणी हलकं, कितीबी प्या. आण्याकडचं मचूळ, त्यात डाळ शिजत नाही. डोंगराकडचं इतकं गार की दात शिवशिवतात. तुझ्या आवाजात रस्ता हळूहळू वळत जायचा, कडेला बाभळी, मग ज्वारीची ताटं, मग एक घर, दारात एक नवरी, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत मी झोपलेली असायची. आईनं मला जन्म दिला, शेतात राबून मोठं केलं, तिचं ऋण आहेच. पण माझी वेणी तुझ्या हातची आणि झोप तुझ्या आवाजातली.

आणि तुझं परस! प्रत्येक पोरीच्या सासरहून तू मूठभर बी आणायचीस. घेवडा, दोडका, वाल, पावटा, जे त्या घरी असेल ते. ते कुंपणाला लावायचीस आणि वेलीला त्या पोरीचं नाव. दर वर्षी त्याच वेलीचं बी धरून पुन्हा तिथंच लावायचीस. सकाळी पाणी घालताना तुझं चालायचं, "शोभी यंदा लई लागली गं बाय. आन् ही अलकी! हिला काय धाड भरलीय?" एकदा अलकाच्या वेलीवर मावा पडला, तर तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन तिच्या सासरी हजर. संध्याकाळी फणफणत परत आलीस. "काय न्हाई तिला. चांगली गुटगुटीत झालीय. मलाच जेवाय वाढाया दमली." मग वेलीवर राख टाकलीस आणि गाढ झोपलीस.

आता माझ्या लग्नाकडं येते. आलंच पाहिजे. ह्याच्यावरनं आपण दोघी तू जाईपर्यंत भांडलो.

माझं सासर घोडेगावच्या पुढं, धरणाच्या अंगाला. वऱ्हाडाचा ट्रक पुढं, मागं जीपमध्ये आम्ही. मी रडत होते, पण घाबरले नव्हते. माझी आत्या माझ्याबरोबर होती. ज्या पोरी तुझ्या कुणी लागत नव्हत्या त्यांच्याजवळ तू ठाण मांडून बसलीस, मग माझ्याजवळ तर किती बसशील! मंचर गेलं, घोडेगाव गेलं, मी तुझा दंड सोडला नाही. डोंगर जवळ यायला लागले, धरणाचं पाणी मधेच चमकायचं आणि लपायचं. मला सगळं तुझ्या गोष्टीतल्यासारखं वाटत होतं, आणि ह्या खेपेला दारातली नवरी मीच होते. तू तांब्यातलं पाणी मला पाजलंस, माठात ओतलंस, ठरलेलं वाक्य म्हणालीस. तुझा पदर मुठीत धरून मी झोपले.

सकाळी उठले तर पदर नव्हता. खुंटीकडं बघितलं. पिशवी नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "गेल्या त्या पैल्या गाडीनं. घरी काम निघालं म्हनल्या." घरी काम! आपल्या घरी असं काय पेटलं होतं गं? शोभाजवळ राहिलीस, अलकाजवळ राहिलीस, आणि मला न सांगता, न उठवता गेलीस? मी त्या परक्या घरात मोरीच्या दगडावर बसून रडले. सासूबाई आल्या. वाटीत तेल घेऊन माझ्या मागं बसल्या आणि डोकं चोळायला लागल्या. माक्याचाच वास आला. मला वाटलं, तुझी आठवण इतकी येतेय की नाकालाही भास होतोय. दुपारी ताटावर माझे दोनच घास झाले, तर मागच्या खोलीत बोलावून त्यांनी हातात लाडू ठेवला. "खा. कुनी बगत न्हाई." पहाटे कंदील घेऊन उठवायलाही त्याच. त्या दिवसांत मी त्यांना जी चिकटले ती आजपर्यंत. जावा अजून चिडवतात, सुमन सासूचं शेपूट म्हणून. मी म्हणायचे, आत्या निघून गेली, पण देवानं सासू चांगली दिली.

दत्ता न्यायला आला, मी माहेरी आले, तर तू अंगणात शेंगा सोलत बसलेली. "आलीस? बस. च्या टाकते." जसं काही झालंच नाही! आईला सांगितलं असतं तर कदाचित तिथंच सगळं उलगडलं असतं. पण सांगणार कसं? आत्यानं मला टाकलं, हे तोंडातून निघेना. मी तुलाच परसात गाठलं. का गेलीस? तू म्हणालीस, "तुला काय गरज व्हती माझी? तुझी सासू देवमानूस."

मग दर दिवाळीला हेच. मी विचारायची आणि तू टोलवायचीस. गाडी चुकली असती. पाठ धरली होती. एकदा तर म्हणालीस, "तुमच्यात ढेकनं लई. म्या पळाले." मी इतकी भडकले की फराळाचं ताट तसंच ठेवून उठले. आणि बी? माझ्या गावचं बीसुद्धा तू आणलं नव्हतंस. कुंपणाला सगळ्या आळीच्या पोरी डोलत होत्या, मीच नव्हते. कडेच्या कोपऱ्यात एक बिननावाची वेल होती. ही कुणाची, विचारलं तर म्हणालीस, "आपाप उगावली." मी त्या कोपऱ्याकडं पुन्हा फिरकले नाही.

ह्या रागातच मी तुला मागच्या वर्षी बोलले ना? घरोघर मोबाईल आले, नवऱ्या सुमोतून जायला लागल्या, तुला बोलावणी कमी झाली. मी म्हटलं, "आता कशाला पाहिजे पाठराखीण? पोरीच्या हातात फोन असतो." तू पिशवीचा बंद शिवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "फोन काय तिच्या डोक्याला त्याल लावनारे?" मला हसू आलं होतं गं. पण मी तुला ते दिसू दिलं नाही.

तेराव्याला तुझ्या पोरी आल्या. कुठून कुठून आल्या. काहींच्या कडेला नातवंडं. पडवी भरली, अंगण भरलं, आणि जी ती तेच सांगत होती, माझ्याजवळ बसली, मला लाडू दिला, मला बाहेर नेलं. मी पाणी देत फिरत होते. शेवटी माझा तोल गेला. मी सगळ्यांत म्हटलं, "तुम्ही नशीबवान. मी तिची सख्खी भाची, माझ्याजवळ ती एक रात्र राहिली." सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. वहिनी म्हणाली, ती पिशवी तूच ने. मी म्हटलं, राहू दे तिथंच.

परत जाताना नारायणगावला गाडी बदलली. मंचरच्या येष्टीत खिडकी सासूबाईंना दिली. त्यांना आता वयामुळं उलट्या होतात. मग बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "सुमन, येक सांगायचंय. आत्यांनी शपथ घातली व्हती, जित्या हायेत तवर बोलायचं न्हाई."

"काय?"

"त्या गेल्याच न्हवत्या गं. आपल्या वरच्या आळीच्या म्हातारीकडं ऱ्हायल्या व्हत्या. तू म्हायेरी निघायच्या आदल्या दिसापत्तुर."

मला आधी कळलंच नाही. त्याच पुढं बोलत राहिल्या, हळूहळू, गाडीच्या आवाजात कान देऊन ऐकावं लागत होतं. "पहाटं मला उठीवलं. म्हनल्या, दुसऱ्या पोरींचं येगळं. ही माझा पदर सोडायची न्हाई. म्या हितं आसले तर ही तुमच्याकडं बगायचीबी न्हाई. म्या बाजूला व्हते, तुमी जवळ बसा. आन् पिशवीतलं समदं माझ्या वटीत घातलं. म्हनल्या, ह्ये तुमच्या हातानं द्या."

"तेल?"

"त्यांचंच. लाडूबी त्यांचेच. सपले तवा म्हातारीच्या चुलीवर पुन्ना केले. रोज सांच्याला म्या पान्याला म्हनून जायचे आन् समदं सांगायचे. काय खाल्लं, इचारायच्या. हासली का, इचारायच्या. तू मला पैल्यांदा 'आई' म्हनलीस ना, त्ये सांगितलं, तर लई हासल्या. मंग भिताडाकडं त्वांड करून बसल्या." त्यांनी डोळे पुसले. "जाताना माझ्याकडनं मूठभर पावट्याचं बी मागून न्येलं."

खरं सांगू? मला आधी राग आला. दोघी म्हाताऱ्यांनी मिळून मला येडं बनवलं! आळीच्या दुसऱ्या टोकाला तू, आणि मी इथं मोरीच्या दगडावर रडतेय. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मग राग कुठं गेला कळलं नाही, आणि मी भर गाडीत, सगळ्यांसमोर, सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. कंडक्टर दोनदा येऊन तसाच पुढं गेला. सासूबाई माझ्या केसांतून हात फिरवत होत्या. तो हात तुझा की त्यांचा, मला त्या वेळी सांगता आलं नसतं. तू सगळ्या पोरींना माहेरचं पाणी सासरच्या माठात ओतून दिलंस. माझ्या वेळी तू स्वतःलाच ओतलंस.

पण आपलं भांडण संपलं असं समजू नकोस हं. मला सांगायला पाहिजे होतंस. इतक्या दिवाळ्या गेल्या, एकदा तरी. मी तुझ्यावर रुसून बसले, ताटावरनं उठले, आणि तू शेंगा सोलत ऐकून घेतलंस. मी रुसून का होईना सासरी रमले, ह्यावर तुझं भागलं? माझं नाही भागत. मला तुझ्या गळ्यात पडून तुला दोन शिव्या द्यायच्या होत्या. त्या आता कुणाला देऊ?

कशाला आले, ते आता ऐक. पलीकडच्या घरातल्या मनीषाचं आज संध्याकाळी लग्न आहे, रात्रीच पाठवणी. सासर आळेफाट्याच्या पुढं. गाडी ठरलेली, हातात मोबाईल, सगळं आहे. परवा त्याच मोबाईलवरनं तिचा मला फोन आला. बारीक आवाजात म्हणाली, "सुमनताई, आत्या म्हणाली व्हती मी येईन म्हनून. आता तुमी याल का वो माझ्याबरूबर?" मी सासूबाईंकडं बघितलं. त्या उठल्या आणि माझ्यासाठी लुगड्याची... नाही, मी साडी नेसते, साडीची घडी काढून दिली.

तर आत्या, तुझ्याशी बोलता बोलता मी तुझी पिशवी खुंटीवरनं काढली. काचेतून चौकोन पडला होता, तिथंच बसले. बॅटरीला नवे सेल घातले. तेल थोडं उरलं होतं, तेवढं पुरेल. लाडू वहिनीनं आणि मी सकाळीच वळले. तुझ्यासारखे घट्ट नाही झाले. मशेरीची डबी मात्र मी काढली नाही. मला मशेरीनं चक्कर येते, तरी ती असू दे तिथं. नाहीतर पिशवीला पिशवीचा वास यायचा नाही.

मग परसात गेले. त्या कडेच्या कोपऱ्यात इतक्या वर्षांनी. शेंगा वाळायला लागल्यात. एक सोलून बघितली आणि बी ओळखलं. हाच पावटा मी दर हिवाळ्यात सासरी शिजवते. वहिनी मागं उभी होती. म्हणाली, "ह्या वेलीला त्यांनी कधी नाव न्हाई दिलं. पण सकाळचा पैला तांब्या हिलाच असायचा."

आता तांब्या भरलाय. फिरकी घट्ट लावलीय. दत्ता पायरीवर बसलाय, विचारायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण गिळलं. मी येते गं, आत्या. येताना मनीषाच्या सासरचं बी आणते. लावायला जागाही बघून ठेवलीय, कडेच्या कोपऱ्यात, सुमीच्या शेजारी.